शिट्टीमास्तरांच्या सहलीची रंगीत तालीम

शिट्टीमास्तर हे काही खरे मास्तर नव्हते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, आणि शिकायला गेले तेव्हाही तिथे त्यांचं फारसं जमलं नाही. त्यांचा धंदा लोकांना इमारतीतून बाहेर काढण्याचा. म्हणजे भाडेकरूंना हुसकावणारे गुंड नव्हेत. आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, बाहेर कुठे जमायचं, याचं ड्रिल ते करून घेत. आज कापडाची गिरणी, उद्या बँक, परवा दवाखाना. गळ्यात पितळी शिट्टी, अंगात पिवळं जाकीट, आणि चेहरा असा की आग अजून लागली नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटतंय. शिट्टी वाजली की मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी हातातलं खाली ठेवायचं, तोंड मिटायचं आणि चालू लागायचं. पळायचं नाही, ढकलायचं नाही, मागे वळायचं नाही. त्यातही मागे वळायचं नाही यावर त्यांचा फार भर. मागे वळणारा माणूस नेहमी छत्री आणायला जातो, असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं.

जन्मभर बाहेर पडण्याचा विचार करणाऱ्या माणसाला आत शिरण्याची मजा कशी कळावी? कुणाकडे जेवायला गेले की यजमानांनी 'या, बसा' म्हणायच्या आत मास्तर विचारत, "मागचं दार कुठे आहे?" यजमानांना वाटे, हा आल्या पावली निघायला बघतोय. नाटकाला गेले तर खुर्ची दाराला चिकटून. तिथून अर्धंच नाटक दिसे, आणि उरलेल्या अर्ध्याचं मास्तरांना काही सोयरसुतक नसे. पडदा पडायच्या आत ते बायकोला घेऊन फुटपाथवर पोचलेले असत. आजवर एकाही नाटकाचा शेवट त्या माउलीने पाहिलेला नव्हता. खुनी कोण हे दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारावं लागे.

नवरा मास्तर म्हटल्यावर बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. खरं तर त्या बायकांचे केस कापण्याच्या दुकानात काम करत, आणि हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीत पेंगायचं. पेंगलं नाही तर बोलायचं. माणूस डॉक्टरला थापा मारतो, वकिलाला अर्धंच सांगतो, आणि केस कापणारीला सगळं सांगतो. मान तिच्या हातात आणि जीभ मोकळी, दुसरं काय होणार! या खुर्चीतून मास्तरीणबाईंना एक अख्खं शहर ऐकून पाठ झालं होतं.

घरात त्या शहराला नुसतं 'तिकडे' म्हणत. गाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल इतकंच ते लांब. पण तिकडे म्हणे सगळ्या गावाचा धंदा एकच, आलेल्याला खूश करायचं. गाण्याच्या ठेक्यावर नाचणारं कारंजं होतं. आरशांचं घर होतं, त्यात जाड माणसं बारीक होत आणि बारीक माणसं रडकुंडीला येत. रस्त्यात उभं राहून जादूगार लोकांच्या खिशातून कबुतरं काढत. आणि मधोमध उंचच उंच आकाशपाळणा. वरच्या टोकाला पोचलं की सगळं शहर पायाखाली, दिवेच दिवे. प्रत्येक गिऱ्हाईक पाळण्यापाशी आलं की जरा थांबे आणि म्हणे, "ते सांगता येत नाही हो, बघायलाच पाहिजे."

मास्तरीणबाईंना ते बघायचं होतं. दागिना नको, साडी नको, आयुष्यात मागितलं ते एवढंच. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एका वर्षी मास्तरांनी पाळण्याच्या नटबोल्टांबद्दल कुठेतरी काहीतरी वाचलं. दुसऱ्या वर्षी हॉटेलला जिना एकच निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी सगळं जमलं, बॅगासुद्धा भरल्या, आणि ऐन निघायच्या दिवशी मास्तर म्हणाले, "सुट्टी आहे, गर्दी असेल."

"गर्दी असते म्हणूनच तर लोक जातात हो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पुढच्या महिन्यात जाऊ," मास्तर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढचा महिना दर महिन्याला पुढेच असतो, हे त्याचं सगळ्यात सोयीचं.

मग एके दिवशी मास्तरीणबाई घराची किल्ली विसरून कामाला गेल्या. मास्तर ती द्यायला दुकानात गेले. दाराला कापडी पडदा होता. पडद्याआड कात्रीचा आवाज येत होता आणि कुणी बाई तिकडच्या सहलीचं रसभरीत वर्णन करत होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुम्ही गेलाय की नाही कधी?"

"गेलोय तर," मास्तरीणबाईंचा आवाज आला. "हे आणि मी. पाळण्यात बसलो होतो. वर गेल्यावर ह्यांनी माझा हात असा घट्ट धरून ठेवला, सोडेचनात. मी म्हटलं, अहो, लोक बघतायत."

त्या बाई हसल्या. मास्तरीणबाईही हसल्या. कात्री चालू राहिली.

मास्तर किल्ली हातात धरून पडद्याबाहेर उभे होते. आपल्या बायकोला खोटं बोलता येतं हेच त्यांना आजवर माहीत नव्हतं, आणि ती इतकं छान बोलते हे तर नव्हतंच. त्यांना लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण नुसती लाज वाटली. बायकोच्या खोट्यातला नवरा आपल्यापेक्षा कितीतरी बरा होता. ते किल्ली न देताच परतले आणि मास्तरीणबाई दार उघडायची वाट बघत संध्याकाळी जिन्यात बसून राहिल्या, ती गोष्ट वेगळी.

त्या रात्री जेवताना मास्तरांनी जाहीर केलं, "येत्या महिन्याअखेरीच्या शनिवार-रविवारी आपण तिकडे जातोय. सगळे."

सगळे म्हणजे मास्तर, मास्तरीणबाई, कॉलेजात जाणारी लेक आणि मास्तरांची आई. या आईला इमारतीत सगळे आजी म्हणत. लेकीने घास तोंडात तसाच ठेवला. मास्तरीणबाईंनी मान वर केली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. मग पाणी पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "पण यावेळी नाही झालं, तर मी एकटी जाईन. भांडून नाही. आपलं सांगून ठेवते."

भांडली असती तर मास्तरांना झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी साडूला बोलावलं. साडू फरशा विकायचा आणि वर्षातून एकदा हमखास तिकडे जायचा. आल्याआल्या तो सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, "प्लॅनबिन काही करू नका, साडूभाऊ. तिकडे नुसतं पाऊल टाकायचं. पुढचं शहर बघतं. ते आपल्याला उचलूनच घेतं."

"उचलून घेतं म्हणजे?" मास्तरांनी कागद-पेन्सिल सरसावली. "कोण उचलतं? कुठे नेतं? परत आणून सोडतं का?"

"अहो, ती म्हणायची पद्धत."

"गर्दीत माणूस हरवला तर जमायची जागा कुठली?"

साडूने मास्तरीणबाईंकडे बघितलं आणि चहा अर्धाच ठेवून तो उठला. मास्तरांचं मत पक्कं झालं. हा माणूस इतक्या वेळा जाऊन जिवंत परत येतो हा निव्वळ नशिबाचा भाग, आणि आपण असं नशिबावर हवाला ठेवून चालणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतले ते नव्हते. आणि ज्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते तो जे करतो तेच त्यांनी केलं. सहलीचं ड्रिल लावलं.

रोज संध्याकाळी चहा झाला की घराचं शहर होई. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या की गाडी. स्वयंपाकघर म्हणजे हॉटेल. मधला बोळ म्हणजे रांग, तिथे जमिनीवर चिकटपट्टी मारून उभं राहायच्या जागा आखलेल्या. लेक आईच्या दुकानातली केसांवर पाणी मारायची बाटली घेऊन फवारे उडवी, ते कारंजं. आणि सोफा म्हणजे आकाशपाळणा.

"बसा," मास्तर सांगत. "दांडी धरा. आता वर चाललोय. आणखी वर. आता सगळ्यात वर. खाली बघू नका."

"अरे, मला चक्कर येतेय," आजी सोफ्यावर डोळे मिटून म्हणत. आणि खरंच येत असे. एकदा त्यांना लिंबाचं सरबत द्यावं लागलं.

मास्तरीणबाई सोफ्याच्या टोकाला बसून खिडकीबाहेर बघत. बाहेर समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप होता. "अहो," त्या एकदा म्हणाल्या, "खऱ्यात कधी बसायचं?"

"आधी खोट्यात नीट जमू दे," मास्तर म्हणाले.

खुर्च्या ओढण्याच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वैतागून वर आले. मास्तरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "बरं झालं आलात. गर्दी कमी पडत होती. तुम्ही गर्दी व्हा." डॉक्टर बोळात उभे राहून गर्दी झाले. आधी बिचकत, मग जरा कोपरं मारत. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून ते आपण होऊन आले आणि येताना त्यांच्या नर्सबाईंनाही घेऊन आले. एकट्याने गर्दी नीट होत नाही म्हणाले.

या सगळ्याचा कळस म्हणजे शिट्टी. सहलीत कुठेही, काहीही करताना शिट्टी वाजली की हातातलं टाकायचं, बोलणं थांबवायचं आणि ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या जागी जाऊन ओळीत उभं राहायचं. घरच्या ड्रिलमध्ये ती जागा म्हणजे खाली पत्रांच्या पेट्यांपाशी. सगळ्यात पुढे स्वतः मास्तर, दार उघडायला. मग आजी, मग लेक, आणि शेवटी मास्तरीणबाई.

"मी शेवटी का?" त्यांनी विचारलं.

"शेवटचा माणूस सगळ्यात भरवशाचा लागतो," मास्तर म्हणाले. "कुणी मागे राहिलं नाही ना, हे तो बघतो. पुढच्याने मागे वळायचंच नसतं. शेवटच्यावर विश्वास ठेवून चालायचं." बायकोची याहून मोठी स्तुती त्यांनी लग्नानंतर केली नव्हती. मास्तरीणबाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सुरुवातीला सगळे हसत. पण नव्याचे नऊ दिवस सरले तशी शिट्टी अंगात मुरायला लागली. मास्तर ती केव्हाही वाजवत. लेक फोनवर बोलताना, आजी पत्ते खेळताना. एकदा लेक डोक्याला शांपू तसाच, टॉवेल गुंडाळून, पत्रांच्या पेट्यांपाशी येऊन उभी राहिली आणि पोस्टमनने तिला तिथेच पत्रं दिली. पण पहिला नंबर आजींचा. आजींना एरवी दारावरची घंटा ऐकू येत नसे, सुनेचं बोलणं तर सोयीप्रमाणेच ऐकू येई. शिट्टी मात्र त्या झोपेतही ऐकत. एके सकाळी गॅसवरच्या किटलीने शीळ घातली आणि आजी घरातल्या सपाता घालून खाली जाऊन ओळीत उभ्या राहिल्या. ओळीत त्या एकट्याच होत्या, पण ताठ.

लेक म्हणाली, "बाबा, हे जरा जास्त होतंय. किटली वाजली तरी आजी जाते."

मास्तरांचे डोळे पाणावले. "असा प्रतिसाद मला एकाही कारखान्यात मिळाला नाही," ते म्हणाले. इथे माणूस शहाणा असता तर विचारात पडला असता. पण शहाणपण आणि अनुभव यांचा संबंध असतोच असं नाही.

शेवटी तो शनिवार उजाडला. आभाळ स्वच्छ होतं, कुणाला ताप नव्हता, हॉटेलला जिने दोन होते. मास्तरांनी सकाळपासून एखादं विघ्न शोधून पाहिलं, पण सापडलं नाही. मास्तरीणबाईंनी निळी ओढणी घेतली होती आणि केस स्वतःच सुरेख बांधले होते. रिक्षातून स्टेशन दिसलं तेव्हा एकदा त्यांनी श्वास सोडला, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की घरातून निघाल्यापासून बाई श्वास धरून बसली होती.

गाडीत जागा अर्थातच दाराजवळची. मास्तरीणबाई खिडकीशी, शेजारी लेक, समोर आजी आणि मास्तर. बॅगा वर टाकल्या. प्रत्येकाचं तिकीट ज्याच्या त्याच्या खिशात, हा मास्तरांचा नियम. फलाटावर जमायची जागाही त्यांनी आधीच दाखवून ठेवली होती, मोठ्या घड्याळाखाली. लेकीने उकडलेली अंडी काढली. मास्तरीणबाईंनी काचेला नाक लावलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मास्तरांना कसंसंच व्हायला लागलं.

आणि तेवढ्यात गाडी सुटायची वेळ झाली म्हणून गार्डने शिट्टी वाजवली.

आजी उठल्या. लेकीने अंडं खाली ठेवलं आणि उठली. मास्तरांचे पाय उठले, मास्तर त्यांच्यामागून उठले. त्यांनी दार उघडलं आणि उतरले. आजी उतरल्या, लेक उतरली. कुणी पळालं नाही, कुणी ढकललं नाही, कुणी मागे वळलं नाही. इतकं निर्दोष ड्रिल मास्तरांच्या उभ्या कारकिर्दीत झालं नव्हतं. त्यांच्या चालण्यात असा काही अधिकार होता की डब्यातल्या एका जाड्या गृहस्थाने वर्तमानपत्राची घडी केली आणि तोही निमूट त्यांच्यामागे उतरला. घड्याळाखाली पोचून मास्तर वळले आणि त्यांनी माणसं मोजली. आई. लेक. जाडा गृहस्थ.

"आग कुठे लागलीय?" जाड्या गृहस्थाने विचारलं.

"कुठेच नाही, काका," लेक म्हणाली. "आमच्याकडे अशी पद्धत आहे."

गाडी हलली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मास्तरांनी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. गाडी हलली तेव्हा त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो म्हणजे 'सुटलो'. झालं, चुकली गाडी. आता घरी जायचं, चहा करायचा, आणि पुढच्या महिन्यात बघायचं. कुणी हरवणार नाही, कुणी पडणार नाही. छातीवरचा मोठा दगड उतरावा तसं त्यांना वाटलं. मग त्यांच्यासमोरून ती खिडकी गेली.

मास्तरीणबाई जागेवर बसल्या होत्या. घाबरलेल्या नव्हत्या. काचेतून त्यांनी मास्तरांकडे सरळ बघितलं, मांडीवरची पर्स नीट केली आणि गाडी जात होती त्या दिशेला तोंड वळवलं. खिडकी गेली, डबा गेला, गाडी गेली.

"सून राहिली की रे," आजी म्हणाल्या. "मागे वळायचं नाही म्हणून मी बघितलंच नाही. पण पहिली मीच उठले ना?"

मास्तरांनी फोन लावला. "अगं, पुढच्या स्टेशनवर उतर आणि तिथेच थांब. हरवलेल्या माणसाने जागा सोडायची नसते."

"मी कुठे हरवलेय?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी गाडीत आहे, गाडी रुळांवर आहे. तुमचं तुम्ही बघा."

"अगं पण एकटी..."

"आवाज तुटतोय हो. बोगदा आलाय." फोन बंद झाला. त्या मार्गावर बोगदा नाही हे मास्तरांना नकाशावरून पाठ होतं.

पुढची गाडी दुपारी होती. मास्तर बाकड्यावर बसले. आजी म्हणाल्या, "तू जा. माझं तिकडचं सगळं बघून झालंय, सोफ्यावरून. आणि मला खरोखर चक्कर येते."

"मी आजीला घरी नेते," लेक म्हणाली. "जा, बाबा. पण ते जाकीट आणि ती शिट्टी इकडे द्या."

मास्तरांनी मुकाट्याने दोन्ही काढून दिली. गळा हलका झाला तसा त्यांना फार एकटं वाटलं. दुपारच्या गाडीत तो जाडा गृहस्थही होता. मास्तरांना बघून तो उठला आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

तिकडे पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सगळा प्लॅन बॅगेत, बॅग बायकोजवळ, बायको कुठे ते तिलाच ठाऊक. स्टेशनच्या दारातून मास्तर बाहेर पडले आणि गर्दीने त्यांना उचललं. उचललं म्हणजे अक्षरशः. ते डावीकडे जायला बघत होते आणि उजवीकडे पोचले. कुणीतरी त्यांच्या खिशातून कबूतर काढलं आणि टाळ्या पिटल्या. कुणीतरी हातात फुगा दिला. तो परत कुणाला द्यायचा ते कळेना, म्हणून तो घेऊनच ते चालले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बाहेर जायची वाट दिसत नव्हती, आणि त्याहून विचित्र म्हणजे ते ती शोधतही नव्हते. त्यांना एक निळी ओढणी शोधायची होती.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "कुठे आहेस?"

"पाळण्याच्या रांगेत."

"तिथेच थांब."

"थांबलेच आहे. रांगच आहे ती."

पाळणा शोधायला लागला नाही, तो आभाळाला टेकला होता. रांग त्याच्या पायाशी लांबच लांब वळसे घेत होती. मास्तर टोकापासून पुढे निघाले. लोक म्हणाले, "ओ काका, मधे घुसू नका." मास्तर म्हणाले, "घुसत नाही, बायको शोधतोय." हातात फुगा धरलेल्या माणसावर लोकांचा विश्वास बसला असावा, त्यांनी वाट दिली.

मास्तरीणबाई रांगेच्या अगदी पुढच्या टोकाला होत्या, दारापाशी, पायाशी सगळ्या बॅगा. पाळण्याचा दारवान म्हणाला, "या, पुढचे." मास्तरीणबाईंनी बाजूला होऊन मागच्या जोडप्याला जाऊ दिलं. मग आणखी एकाला. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईने मास्तरांना सांगितलं, "केव्हाच्या ह्या इथेच आहेत. सगळ्यांना पुढे सोडतायत, स्वतः काही जात नाहीत. वर जायला घाबरतात वाटतं."

मास्तर जाऊन शेजारी उभे राहिले. मास्तरीणबाईंनी आधी फुग्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तू उतरली का नाहीस?" मास्तरांनी विचारलं. त्यांना रागावायचं होतं, पण आवाज भलताच निघाला. "शिट्टी ऐकू आली नाही?"

"ऐकली ना. उठलेसुद्धा." मास्तरीणबाई बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होत्या. "मग वाटलं, मी पण उतरले तर तुम्ही म्हणाल, पुढच्या महिन्यात जाऊ."

खोटं बोलणं मास्तरांना सहज जमलं असतं. घरात तशी परंपरा सुरू झालेलीच होती.

"म्हणालो असतो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"गाडी हलली तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे आधी बरं वाटलं. मग तू दिसलीस आणि..." मास्तरीणबाईंनी एक बॅग उचलून त्यांच्या हातात दिली.

पाळणा थांबला. दारवानाने दार उघडलं आणि कंटाळून म्हणाला, "पुढचे कोण?" मागची बाई आता सवयीने पुढे सरकली. "मी जाऊ ना?"

"नाही हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता आम्ही. हे आले."